ओंजळीतलं वचन

आमच्या घरी भाकरीला थांबावं लागायचं. दिवेलागणीला माय शेवटची भाकर तव्यावरून उतरवायची, टोपलीवर फडकं टाकायची, अंबाडीच्या भाजीचं गंज चुलीच्या कडेला सरकवायची आणि हात धुऊन आमच्यात येऊन बसायची. ताटं मात्र लगेच मांडायची नाहीत. आधी एक गीत, मग शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय, मग प्रार्थना, आणि ती संपली की फडकं निघायचं. बाबा म्हणायचे, "आत्म्याले आधी वाढा. पोटाले काई घाई न्हाई." माझ्या पोटाला मात्र कायम घाई असायची. शाळेतून चालत मावल्याला, आमच्या गावी, यायचं, आल्यावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या, बैलांना पाणी दाखवायचं, आणि एवढं झाल्यावर नाकासमोर गरम ज्वारीचा वास येत असताना डोळे मिटून बसायचं. गीत लांबलं की मला गीत रचणाऱ्याचा राग यायचा. हे आज लिहिताना हसू येतं, पण या प्रकरणात हसण्यासारखं एवढंच आहे, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

आम्ही भाजीवाले. तलावाच्या अंगाला दीड एकराचा तुकडा होता, त्यात वांगी, मेथी, सांबार, मिरच्या. विहिरीवर मोट. सकाळी माय डोक्यावर पाटी घेऊन आदिलाबादच्या बाजारात जायची. दिवसभरात कानावर पडायचं ते मोटेच्या चाकाचं कुरकुरणं, दूर जिनिंगचा भोंगा, आणि शेजारच्या मळ्यातल्या कौसाबाईचं पाखरांना हाकलणं. आजूबाजूच्या मराठी घरांत ख्रिस्ती घर आमचं एकच. आजोबांच्या काळात आम्ही प्रभूकडे आलो, एवढंच मला माहीत आहे. रविवारी गावातल्या चर्चमध्ये जायचो, पण तिथली उपासना सगळी तेलुगूत. मी तेलुगू शाळेत शिकले, मला काही अडचण नव्हती. मायला चार शब्दांतला एक कळायचा. ती मागच्या चटईवर बसायची, बाकीच्या उभ्या राहिल्या की उभी राहायची, त्यांनी आमेन म्हटलं की आमेन म्हणायची, आणि परत येताना पाळकांबद्दल मला विचारायची, "आज अय्यगारू काय म्हनले वो?" मी तिला दोन वाक्यांत उरकायचे. म्हणजे देवाचं जे काही तिला तिच्या भाषेत, पोटभर मिळायचं, ते घरी, संध्याकाळी, बाबांच्या तोंडून. तिला अक्षर येत नव्हतं. शास्त्राचं जाड पुस्तक ती रोज पदरानं पुसायची, पण उघडायची नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बाबा काविळीनं गेले. पंधरा दिवसांत माणूस होता की नव्हता असं झालं. दफनाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मायनं भाकरी केल्या, टोपली झाकली आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "आता तूच वाच, रुती," ती म्हणाली. माझा भाऊ दानी तेव्हा सहा-सात वर्षांचा होता, मी तेरा पूर्ण केलेली. मला देवनागरी येत होती ती शाळेतल्या हिंदीच्या तासापुरती. शास्त्रातली मराठी म्हणजे जुनी, वळणाची, जोडाक्षरांनी भरलेली. बाबा वाचायचे तेव्हा ती वाहायची; माझ्या तोंडी ती अडखळायला लागली. एक अध्याय संपायला भाकरी पार थंड व्हायची. दानी पेंगायचा. माय मात्र हात जुळवून अशी बसायची की जणू मी अडखळते तिथंही काहीतरी अर्थ आहे. मी थांबले की ती हळूच म्हणायची, "हं, मंग?"

अध्याय संपला की आणखी एक काम असायचं, आणि ते बाबांनी नव्हे, मायनं सुरू केलेलं होतं. त्यातलं एक वचन ती दुसऱ्या दिवसासाठी मागून घ्यायची. मी ते तीनदा म्हणायचं, तिनं तीनदा म्हणायचं, आणि मग ती पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. दुसऱ्या दिवशी निंदताना, बाजारात गिऱ्हाईक नसताना, बैलांमागे चालताना ती गाठ हाताला लागली की वचन तोंडात यायचं. संध्याकाळी ते म्हणून दाखवायचं, गाठ सोडायची, नवीन मारायची. एखाद्या दिवशी वचन विसरली तर ती स्वतःवरच चिडायची. "दिवसभर उपाशी राह्यली मी," असं म्हणायची. तेव्हा ते मला बोलायची एक रीत वाटली होती.

नाताळ झाला आणि वाचनात वंशावळींचे अध्याय आले. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. एकेका नावाला माझी जीभ गुंडाळली जायची. एका दिवशी मी शाळेत डबा नेला नव्हता. आठ-दहा नावं वाचली आणि सरळ खालच्या ओळीवर उडी मारली. माय म्हणाली, "हं, मंग?" तिला काही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अर्धं पान सोडलं. आठवडाभरात मला चटकच लागली. कुठं सोडायचं, कुठं आवाज खाली आणायचा म्हणजे अध्याय संपल्यासारखा वाटेल, हे मी चांगलं शिकून घेतलं. शाळेत मला एवढी अक्कल कधी दिसली नाही. भाकरी आता कोमट असतानाच मिळायला लागली, आणि माय कौतुकानं म्हणाली, "पोरगी आता बापावानी झरझर वाचून राह्यली."

पुढचं पाऊल मी कधी टाकलं तो दिवस मला नेमका आठवत नाही, पण कारण आठवतं. अध्याय अर्धाच वाचला होता आणि त्यात गाठीत बांधण्यासारखं एकही वाक्य नव्हतं. उलटं पान चाळत बसायचा मला कंटाळा आला. मी पुस्तकावर डोळे ठेवले आणि शास्त्राच्या थाटात काहीतरी म्हणून टाकलं. जो कोणी सरळ चालेल त्याचा पाय परमेश्वर सांभाळेल, असं काहीतरी. मायनं तीनदा म्हटलं, गाठ मारली, भाकरी वाढली. इतकं सोपं. मग मी रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा अशी वचनं करायला लागले. खरं सांगायचं तर त्यात मला भुकेपेक्षा जास्त गंमत वाटायला लागली होती. "ह्यास्तव" आणि "पाहा" कुठं टाकायचं, वाक्य कुठं वळवायचं, ते मला जमायचं. शाळेत जाताना मी पुढचं वचन मनात घोळवायचे. पुढे आयुष्यात मी चार-दोन लेख लिहिले, लोकांनी भाषा बरी आहे म्हटलं. ती भाषा मी कुठं कमावली हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

माघात कधीतरी मी ते वचन केलं. जो आपल्या ओंजळीतलं पाणी वाटून पितो, त्याची विहीर परमेश्वर आटू देणार नाही. म्हणताना मलाच ते आवडलं. मायनं दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा तिला म्हणवेना. तिनं डोळे पुसले. "तुह्या बापाले हे वचन ठाऊक असन का वो? त्यायनं कदी सांगतलं न्हाई," ती म्हणाली. मी म्हटलं, "असन." आणि मला आतून जे वाटलं ते सांगायची लाज वाटते: मला अभिमान वाटला. माझ्या वाक्यावर माझी आई रडली, याचा. दुसऱ्या संध्याकाळी तिनं गाठ सोडली नाही. "हे राहू दे, दुसऱ्या बाजूनं मारतो," म्हणाली, आणि पदराच्या दुसऱ्या टोकाला नवी गाठ मारली. ओंजळीच्या वचनाची गाठ मग लुगडं बदललं की नव्या लुगड्यावर यायला लागली.

वैशाखात विहिरी खाली गेल्या. आमच्या विहिरीला झरा बरा होता, तरी सकाळी दीड-दोन तास मोट चालली की तळाचा दगड दिसायचा, आणि संध्याकाळपर्यंत थांबावं लागायचं. बाबांच्या मागे मोट मायच हाकायची. कौसाबाईची विहीर तर पार आटली होती. ही कौसाबाई म्हणजे आमच्या बांधाला लागून मळा करणारी, मायपेक्षा थोडी मोठी, तोंडानं फटकळ, मनानं साधी. तिच्या नवऱ्याचा हात मोडला होता आणि मिरच्यांची रोपं नुकती लागलेली. एका सकाळी ती बांधावर येऊन उभी राहिली. "सगुने, वाफे जळून राह्यले माहे," एवढंच म्हणाली. पाणी मागितलंसुद्धा नाही. मायनं बैल थांबवले. तिचा हात पदराच्या गाठीकडे गेला, ते मी पाहिलं. मग ती पाटाकडे गेली, आमच्या वाफ्याचं तोंड मातीनं बुजवलं आणि पाणी कौसाबाईच्या बाजूनं सोडलं. "सकाळचं पानी तुहं," ती म्हणाली. "सांजचं आमचं."

मी तिथंच उभी होते, हातात मेथीची पाटी घेऊन. सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. माय, ते शास्त्रात नाही, ते मी केलंय, एवढे सहा-सात शब्द. मी स्वतःला समजावलं की पाणी देणं हे चांगलंच आहे, शास्त्रात नसलं म्हणून काय झालं. हा युक्तिवाद वाईट नाही, आणि तेव्हा मला तो फार सोयीचा होता. पंधरा दिवसांत आमच्या वांग्याच्या खालच्या दोन ओळी सुकल्या. माय रोज संध्याकाळी त्या ओळींवरून चालत जायची, पानं हातात घेऊन पाहायची, आणि मग विहिरीत वाकून पाहायची. विहीर आटली नव्हती. ती खूश होऊन यायची. "पाय, दगड दिसते पन आटत न्हाई. वचन हाय नं," असं दानीला सांगायची. मी मान खाली घालून अध्यायाचं पान शोधायचे. त्या दिवसांत मी एकही ओळ सोडली नाही, एकही वचन केलं नाही. पण जे केलं होतं ते विहिरीवर रोज चालत होतं.

वर्षातून दोनदा पैनगंगेपलीकडून एक मराठी उपदेशक यायचे. उंच, खादीचा सदरा, सायकलच्या कॅरिअरवर पुस्तकांची पेटी. ते आले की आमच्या अंगणात मांडव पडायचा, आणि आसपासच्या गावांतली दहा-बारा मराठी ख्रिस्ती माणसं जमायची. त्या खेपेला त्यांनी आधीच निरोप पाठवला होता की मावल्यात बायकांची आठवड्याची मराठी प्रार्थना सुरू करायची आहे, आणि ती चालवायला सगुणाबाई तयार असतील तर फार बरं. मायनं तो निरोप माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "मले वाचता येत न्हाई, हे त्यायले ठाऊक हाय नं?" तिनं विचारलं. ठाऊक होतं. त्यांनी लिहिलं होतं की वाचायला मुलगी आहेच. मागच्या चटईवर बसून दुसऱ्यांचं पाहून आमेन म्हणणाऱ्या बाईला आता आपल्या भाषेत, आपल्या अंगणात चार बायकांपुढे प्रार्थना म्हणायची होती. तिनं करंज्या केल्या. बाबांच्या मागे पहिल्यांदा घरात तळणाचा वास आला. अंगण दोनदा सारवलं. माझ्या वेण्या घालताना ती म्हणाली, "तू वाचजो, मी प्रार्थना करन. आपन दोघी मिळून चालवू."

दुपार कलल्यावर मांडव भरला. कौसाबाईही आली होती आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. दोन गीतं झाली, उपदेश झाला, आणि उपदेशकांनी विचारलं की कोणाला साक्ष द्यायची आहे का. माय उठली. इतक्या लोकांपुढे मी तिला कधी बोलताना पाहिलं नव्हतं. आधी शब्द सापडेनात, मग ती मोटेवर बोलते तशी बोलायला लागली. नवरा गेल्यावर जीव कसा कोरडा झाला होता, पोरगी रोज कशी वाचते, कौसाबाई बांधावर कशी आली, आणि आपल्याला वचन कसं आठवलं. तिनं ते वचन म्हटलं. स्पष्ट, न अडखळता, एकेका शब्दावर थांबून. बायकांमधून कोणीतरी हळूच आमेन म्हटलं. उपदेशकांनी डोळे मिटले होते, ते उघडले.

"फार सुंदर साक्ष दिली, बाई," ते म्हणाले. "हे वचन कुठलं? मला आठवेना झालंय. सगळ्यांनाच लिहून घेऊ द्या."

"मले पुस्तकाचं नाव न्हाई सांगता येत जी," माय म्हणाली. "पोरगी वाचते. रुती, काढ बेटा."

पुस्तक माझ्या हातात आलं. मी पान उलटलं, आणखी एक उलटलं. पानं उलटायचा आवाज तेवढा येत होता. मी कुठून कुठं गेले आणि परत आले मला कळलं नाही. अक्षरं दिसत होती, शब्द लागत नव्हते. उपदेशक वाकून म्हणाले, "घाई नको, बाळ. साधारण कुठल्या भागात होतं?" त्यांच्या आवाजात संशय नव्हता, त्यामुळे अधिकच वाईट झालं. मी वर पाहिलं. माय माझ्याकडे पाहत होती, तोंडभर हसत, आता मी ते काढून दाखवणार म्हणून.

मी म्हटलं, "मी असं वाचलं न्हाई. मायनं काई तरी चुकीचं आयकलं असन."

खोटं बोलताना माणूस इतरत्र बघतो म्हणतात. मी तिच्याकडेच पाहत होते. तिच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. तिथं राहिलं, फक्त त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. तिला कळलं. किती वेळ लागला असेल, एक श्वास. मग ती उपदेशकांकडे वळली. "हो जी," ती म्हणाली. "पोरगी बराबर सांगते. माह्याच कानाचा दोस असन. कामाच्या नादात काइच्या काई ध्यानात राह्यलं."

उपदेशक भले माणूस होते. त्यांनी तिला दुखवलं नाही, पण त्यांना जे म्हणायचं ते म्हणावंच लागलं: देवाच्या वचनात आपला एक शब्दही घालू नये, भोळेपणानंसुद्धा नाही. कौसाबाई खांबाशी बसल्या जागेवरून बोलली, "नसन लिहेलं पुस्तकात. पन पानी तं आलं नं माह्या वाफ्यात." दोघं-तिघं हसले, उपदेशकही हसले, आणि मांडव सैल झाला. निघण्यापूर्वी त्यांनी जाहीर केलं की बायकांची प्रार्थना सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई चालवतील. त्यांना मराठी वाचता येतं आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये जागाही आहे. मायनं मान हलवली आणि करंज्यांचं ताट घेऊन सगळ्यांपुढे फिरली. माझ्यापुढे आली तेव्हा तिनं दोन करंज्या ठेवल्या, इतरांना एक दिली होती. मला त्या गिळवेनात, आणि टाकायचीही हिंमत झाली नाही. मी त्या फ्रॉकच्या खिशात घातल्या आणि नंतर बैलाला चारल्या.

त्या संध्याकाळी मला वाटलं होतं मार बसेल. मी मनाची तयारी केली होती, किंबहुना वाट पाहत होते. मायनं भाकरी केल्या. टोपली झाकली नाही. ताटं मांडली, वाढलं, आणि म्हणाली, "जेवा आधी." दानीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जेवायला लागला. बाबा असल्यापासूनची रीत एका वाक्यात मोडली. इतके महिने मी जिच्यासाठी सगळं केलं ती वाफ येणारी भाकर माझ्या ताटात होती. जेवणं झाल्यावर मायनं डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. पुस्तक फळीवरच होतं. ती नेहमीसारखी एकेकाचं नाव घेत गेली, दानीचं, कौसाबाईचं, तिच्या नवऱ्याच्या हाताचं, नर्सबाईंच्या नव्या प्रार्थनेचं. माझं नाव घेतलं आणि थांबली. मग म्हणाली, "देवा, पोरीले भूक लागे. मले दिसलं न्हाई. मी तिले उपाशी बसवलं. तो दोस माहा हाय."

मी तेव्हा रडले नाही. उठून बाहेर गेले आणि बैलांना वैरण टाकली. आता या वयात, अगदी काहीतरी दुसरंच करत असताना, म्हणजे भाजी निवडताना किंवा बँकेच्या रांगेत, ते वाक्य आठवतं आणि कान गरम होतात. तिनं मला चार थापडा मारल्या असत्या तर हिशेब मिटला असता, आणि हे प्रकरण मी लिहिलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मायनं दानीची पाटी घेतली. दानी दुसरीत होता आणि नर्सबाईंकडे त्याला मराठी अक्षरं शिकायला धाडायला तिनं सुरुवात केली. तो जे शिकून यायचा ते तो तिला शिकवायचा. वांगी तोडून झाली की ती बांधावर बसून मातीत काडीनं अक्षरं काढायची. मी एकदा म्हटलं, "मी शिकवते नं." ती म्हणाली, "तुले शाळेचा अभ्यास लई असते, बेटा. राहू दे." रागाचा लवलेश नव्हता त्यात. त्या आवाजातच तिनं मला आयुष्यभर पुढचं प्रत्येक "राहू दे" म्हटलं. वर्ष लागलं तिला, थोडं जास्तच. मग ती स्वतः वाचायला लागली, बोट ओळीखाली ठेवून, माझ्यापेक्षा तिप्पट अडखळत. एक अध्याय तीन संध्याकाळी चालायचा. वंशावळीतलं एकेक नाव ती फोडून, जोडून, पुन्हा म्हणायची. मी समोर बसून ऐकायचे. पुस्तक पुन्हा माझ्या मांडीवर आलं नाही. गाठीही तिनं मारायच्या सोडल्या, कारण आता वचन विसरलं तर ती पान उघडून पाहू शकत होती.

चार वर्षांनी मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला निघाले. माय मला सोडायला बसस्टँडवर आली होती. सकाळची वेळ, बस उशिरा. मला वाटलं, आता नाही तर कधी नाही. मी म्हटलं, "माय, त्या ओंजळीच्या वचनाचं..." तिनं माझ्या ट्रंकेवरचा हात काढला नाही. "मले ठाऊक हाय," म्हणाली. बस येते त्या बाजूला पाहत ती बोलली, सावकाश, मोजून नव्हे पण आधी कधीतरी स्वतःशी बोलून ठेवल्यासारखं. "पान्याचं मले काई न्हाई. पानी कोनालेबी द्याच लागते, त्याले पुस्तक कायले पायजे. वांगे जळले, त्याचंबी न्हाई. तू मांडवात पलटली, ते तं लेकराचं भेव हाय. पन तुहा बाप गेल्यावर मले तेच एक जेवन व्हतं, रुती. रोज सांजच्याले मले वाटे, आज पोट भरलं. आन् मी सा महिने उपाशीच व्हती. हे मले चार लोकांमंदी कळलं."

बस आली. तिनं ट्रंक चढवली, भाकर-ठेच्याचं गाठोडं खिडकीतून दिलं. माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. रोजच्या प्रार्थनेत ती घरातल्या सगळ्यांच्या अपराधांची क्षमा मागायची. त्यात माझीही मागत असेल, असं मी धरून चालले आणि त्यावर भागवलं.

पुढे मी नोकरीभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलं. चर्चमध्ये रविवारी शास्त्रपाठ वाचायला मलाच उभं करतात, तेलुगूतही आणि मराठी मंडळी असली तर मराठीतही. लोक कौतुकानं म्हणतात, टीचर एक नावसुद्धा गाळत नाहीत, कितीही अवघड असो. मी हसून घेते. घरी मी एकटीच असते, तरी रोज संध्याकाळी एक अध्याय मोठ्यानं वाचते. आता मोबाइलवर मराठी शास्त्र आपोआप वाचून दाखवणारी सोय आहे, भाचीनं मला ती घालून दिली. छान आवाज आहे. पण मी ती लावत नाही. ज्या जेवणाची मी चोरी केली ते मला दुसऱ्याच्या हातून वाढून घ्यावंसं वाटत नाही.

माय अजून आहे. दानीकडे, मावल्यालाच, जिथं आमचा मळा होता तिथं आता प्लॉट पडून घरं झाली आहेत आणि त्यातलं एक आमचं. तिच्या डोळ्यांना आता फार कमी दिसतं. शास्त्र रोज संध्याकाळी दानीची बायको मार्था वाचून दाखवते. गेल्या उन्हाळ्यात मी आठ दिवस राहायला गेले होते. पहिल्याच संध्याकाळी जेवणं झाली, मार्था पुस्तक घेऊन बसली आणि मी म्हटलं, "आज मी वाचू का?" तिनं पुस्तक माझ्याकडे दिलं. मायनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "वाच बेटा," ती म्हणाली. मांडवाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. अध्याय लांब होता. मी तो सबंध वाचला, सावकाश, एकेक शब्द पुरा उच्चारून. माय हात जुळवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बेस वाचलंस." मला इतकं हलकं वाटलं की मी कोणी सांगितलं नसताना ताटं उचलून मागच्या मोरीवर घासायला घेऊन गेले.

नळ सोडला होता तरी आतलं ऐकू येत होतं. माय म्हणाली, "मार्था, आजचा अध्याय वाच बरं."

"आताच तं वाचला नं ताईनं, माय," मार्था म्हणाली.

"वाचला. तू एकडाव वाच."

मी नळ बंद केला. मार्थानं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी ओली ताटली हातात धरून उभी राहिले आणि सबंध अध्याय पुन्हा ऐकला. तोच होता, शब्दाला शब्द. मधे एकदाही माय "हं, मंग?" म्हणाली नाही, ती ताडून पाहत होती. की तिला फक्त पुन्हा ऐकावंसं वाटलं होतं, म्हातारं माणूस आहे, असंही असेल. मी तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माय म्हणाली, "रुती, वाचतेस का?" मी म्हटलं, "मार्थालेच वाचू दे. मी आयकते." माय एकदाही आग्रह न करता म्हणाली, "बरं."